लाल किती ठेवायचा

“उसासे कसले टाकताय? भिंतीवर मी जाणारेय, तुम्ही नाही,” बायको म्हणाली आणि त्याच्या फोटोच्या दुकानातल्या स्टुलावर बसली. मग लगेच उठून गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. पाठीला टेकू लागत होता तिला आता.

तो संगणकासमोर बसला होता. सकाळपासून त्याचे डोळे चुरचुरत होते. लोक रंगीत फोटो घेऊन यायचे आणि काळेपांढरे करून न्यायचे; घरातल्या भिंतीवर आजे-पणजे काळेपांढरे बसलेले, त्यांच्या रांगेत नवं माणूस उपरं दिसू नये म्हणून. किती जणांचे रंग उतरवले त्याने! कुणाचा पिवळाधमक सदरा, कुणाची जांभळी शाल, कुणाच्या पायाशी लोळणारं भुरं कुत्रं. एका बटणात सगळा रंग जायचा, पण ते बटण तो दाबत नसे. त्यात हिरवा नि लाल एकाच राखेचे होतात. तो एकेका रंगाची पट्टी वेगळी सरकवायचा, या राखेतून ती राख निवडून काढावी तशी. लोकांना फरक कळत नसे. बायकोला कळायचा, आणि ती म्हणायची, याच नादात तुमचं जेवण गार होतं.

आज फोटो तिचाच होता.

डॉक्टरांनी औषधं कमी केली होती. बरं वाटतंय म्हणून नव्हे, आता उपयोग नाही म्हणून. घरी परतताना ती वाटेत एवढंच म्हणाली होती की माझा फोटो मी बघून ठेवणार. मागून तुम्ही आणि लेक मिळून कुठला तरी लावाल आणि मी जन्मभर तशीच बघत बसेन. जन्मभर म्हणाली, आणि स्वतःच हसली.

फोटो भाचीच्या लग्नातला. मागून कुणीतरी हाक मारली, ही वळली, हसली आणि तेवढ्यात कुणी टिपला. नाहीतर ती कॅमेऱ्यासमोर कायम उजवा गाल करून उभी राहायची. डाव्या गालावर जन्मखूण होती, डोळ्याखालून ओठापर्यंत, डाळिंबाची साल चिकटावी तशी लाल. या एकाच फोटोत ती अख्खी सापडली होती.

“डाग काढा,” ती म्हणाली.

“अगं, पण...”

“लोकांच्या सुरकुत्या काढता, देवीचे व्रण काढता. बायकोचं एक काम सांगितलं तर पण.”

त्याने फोटोतले रंग उतरवले. मागचा निळा पडदा राखी झाला, तिचे हिरवे कपडे राखी झाले, कुणाच्या तरी हातातली फुलं राखी झाली. उरला लाल. खोडायलासुद्धा लागणार नव्हतं. लालची पट्टी उजवीकडे नेली की लाल उजळत जातो, उजळत उजळत कातडीत मिसळतो. त्याने पट्टी हळूहळू सरकवली. डाग आधी सावलीएवढा राहिला, मग धुक्याएवढा, मग नाहीच. गाल अगदी कोरा.

ती खुर्चीतून पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली. या गालासाठी तिने काय काय केलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. लेप, साली, कुणी सांगितलेलं दूध. लेकीच्या शाळेत जायचं टाळायची. फाटकाशी उभी राहून डबा द्यायची.

“देखणी आहे हो बाई,” ती अखेर म्हणाली.

“आहेच.”

“ही तुम्हाला हो म्हणाली नसती.”

तो वळला. ती हसत नव्हती. शांतपणे सांगत होती, हिशोबाचं बोलावं तसं.

“पाहायला आलात तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता तुमच्या. सगळे डागाकडे बघून उठायचे. तुम्ही तुमच्या चपलांकडे बघत बसलात. म्हटलं, हे आपल्यातलंच माणूस दिसतंय. ही कशाला थांबली असती? हिला रांग लागली असती.” तिने श्वास घेतला. “आणि लेक येऊन विचारेल, ही कोण आणलीत म्हणून. आणा परत मला.”

“काळा दिसेल गं. लालचा काळाच होतो यात.”

“मग थोडा कमी काळा करा. एवढी वर्षं काय शिकलात?”

त्याने पट्टी मागे आणली. गालावर पुन्हा धुकं आलं, मग सावली. कुठे थांबावं ते कळेना. परक्यांच्या तोंडावर तो नेमका थांबत आला होता. इथे हात अडखळला. एवढा? की अजून? त्याने विचारलं आणि वळून पाहिलं.

ती झोपली होती. औषधाने हल्ली अशी बसल्या बसल्या झोप लागायची. मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं.

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, हातात पाकीट. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच उद्या या म्हणून खुणावलं. पंखा एका आकड्याने कमी केला. मग आपलं स्टूल आवाज न करता उचलून तिच्याजवळ ठेवलं आणि बसला.

तो लाल नेमका किती गडद आहे, हे संसार सरत आला तरी त्याने धड पाहिलं नव्हतं. बघायला गेलं की ती तोंड फिरवायची, आणि मग त्यालाही न बघण्याची सवय लागली होती. आज ती तोंड फिरवत नव्हती. कडेला लाल दाट होता, मधे विरळ. डोळ्याखाली तर जवळजवळ गुलाबी.

तो पाहत बसला.