अंजनाची जागा

देशात झाडं किती उरली आणि किती वाढली, याचा अंदाज दर काही वर्षांनी घेतला जातो. उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसतं खरं, पण ते झाड आहे की नुसतं माजलेलं रान, हे कुणीतरी पायी जाऊनच पाहावं लागतं. कामिनी त्या कामावर होती. मूळची सावद्याची, केळीच्या बागेत वाढलेली. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "आपली केळी पण मोजशील ना?" केळीला झाड धरत नाहीत असं तिनं सांगितल्यावर ते चांगलेच रुसले होते.

यंदा पौषात मोजणीसाठी संगणकानं नकाशावर निवडलेला एक ठिपका साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, रुपचंद नानांच्या शेतावर पडला. जोडीदार भूपेंद्र गाडीतून टेप नि यंत्र काढत होता, तोवर कामिनी घरी विचारायला गेली. अंगणात खाटेवर नाना बसले होते. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेलेले. पावलांच्या दिशेनं मान वळवून ते म्हणाले, "कोन शे?"

कामिनीनं काम सांगितलं. नानांचा चेहरा खुलला, पण दारात आलेल्या त्यांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा, मात्र उतरला.

"नको. आमना बांधवर कोनी जावानं नही," त्या म्हणाल्या.

"तोडायला नाही आलो अक्का. फक्त खोडांचा घेर मोजणार, झाडावर साधी खूणसुद्धा करणार नाही."

वच्छलाबाईंनी तिचा दंड धरला आणि तिला घरामागे नेलं.

"मोठा अंजन पडी गया," त्या कुजबुजल्या. "वैशाखना वादळमा. हे तव्हय डोळाना दवाखानामा, धुयाले. डोळा बी गया, अंजन बी गया. कसं सांगू त्यास्ले?"

तो अंजन, बांधावरचं ते जुनं झाड, नानांचा जीव होता. त्याच्या पाल्यावर त्यांच्या बैलजोड्या पोसल्या होत्या. दरवर्षी ते स्वतः वर चढून पाला काढत, दुसऱ्या कुणाला चढू देत नसत. नाना धुळ्याहून परतायच्या आत वच्छलाबाईंनी सगळं लाकूड भाऊबंदांत वाटून टाकलं होतं. घरात एक ढलपी ठेवली नव्हती, हातानं चाचपतील म्हणून. तेव्हापासून नानांनी विचारलं की त्या सांगत, "उभा शे." शेजारीपाजारीही तेच सांगत.

"तू मोजशी, मंग हे इचारतीन, अंजन किती भरना. काय सांगशी?"

"मी कागदावर खोटं लिहू शकत नाही अक्का," ती हळू म्हणाली. "पण नानांशी काय बोलायचं, ते तुम्हीच ठरवा."

तेवढ्यात भिंतीच्या कडेनं काठी वाजली. नाना उठून आले होते. "बेटी, माले बांधवर लई चाल."

दृष्टी गेल्यापासून ते अंगणाबाहेर पडले नव्हते. वच्छलाबाईंनी किती विनवलं होतं. आता त्यांनाच नाही म्हणवेना.

बांधावर पहिला कडुनिंब होता. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा असतो. नाना म्हणाले, मी धरतो. त्यांनी खोडाला मिठीच मारली आणि टेपचं टोक पलीकडून कामिनीच्या हातात दिलं. गाल सालीला टेकवून ते क्षणभर तसेच राहिले. भूपेंद्र आकडा विचारायचा थांबला. पुढच्या चिंचेलाही त्यांनी तसंच कवळलं. "हाई चिंच जाडी व्हई गई," ते हसून म्हणाले.

मग ते चालू लागले आणि मोकळ्या जागेपाशी, कुणी न सांगता, थांबले.

"आठे अंजन."

नानांनी काठी पुढे केली. ती खुंटाला लागली. ते खाली बसले आणि खुंटाच्या तुटक्या माथ्यावरून तळवा फिरवू लागले.

"मी चुकनी," वच्छलाबाईंचा आवाज फुटला. "तुम्हले सांगाले पाहिजे व्हतं."

"माले माहीत व्हतं."

"कव्हयपाईन?"

"धुयाथीन उनू त्याच दिनले. वारा सुटना, आन् अंजनना आवाज उनाच नही."

"मंग बोलनात का नही?"

"तू इतली जीव लाईसन सांगे," नाना म्हणाले. "तुन्हं मन कसं मोडू?"

वच्छलाबाई त्यांच्याजवळ मातीत बसल्या. पदर तोंडाला लावून त्या रडत होत्या, आणि रडता रडता त्यांना हसूही येत होतं. कामिनी नि भूपेंद्र उगाच दूरच्या डोंगराकडे बघत उभे राहिले.

"हाई काय शे?" नानांची बोटं खुंटाच्या कडेला अडखळली होती.

कामिनी वाकली. बुडातून कोवळे धुमारे आले होते. वच्छलाबाईंनी ते पाहिलेच नव्हते. वैशाखापासून त्या या बांधाला फिरकल्याच नव्हत्या.

"अंजन फुटलाय नाना. पण इतके बारीक धुमारे आमच्या मोजणीत धरत नाहीत."

"तुमी नका धरा," नाना म्हणाले. "आमी धरसूत."

त्या दिवशी वच्छलाबाईंनी कामिनी नि भूपेंद्रला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बाजरीची भाकरी, भरीत आणि वर कांद्याची पात. नाना पोटभर जेवले. हे किती दिसांनी असं जेवले, असं त्या कामिनीच्या कानात म्हणाल्या.

होळीच्या आधी साक्रीच्या आठवडे बाजारात वच्छलाबाई कामिनीला पुन्हा भेटल्या. दुकानदाराकडून त्या चांगला जाड दोर घेत होत्या.

"नवी गाय घेतली का अक्का?"

"गाय कोठली. अंगणथीन बांधलोंग ताणना शे. हे रोज सकाळले जातस, माले हात धरू देत नही. दोर धरीसन जातीन तं माले घोर नही."

"जाऊन काय करतात तिथं?"

"बसतस. मंग घर येईसन माले सांगतस, आज कोनतं पाखरू बोलनं." त्यांनी दोराचं वेटोळं पिशवीत कोंबलं. "चाल बेटी, माले गाडीवर बसाडी दे. हे वाट देखत व्हतीन."

कामिनीनं पिशवी उचलली आणि दोघी स्टँडकडे निघाल्या.