पुसलेला खलबत्ता

मित्रांनो, बिबवेवाडीतल्या एका स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझी जागा आहे. मी ओतीव लोखंडाचा जुना खलबत्ता. तेहेतीस वर्षांपूर्वी श्यामलाबाईंनी मला मंडईजवळच्या दुकानातून आणलं. मी सुंठ कुटली, मिरी कुटली, पण सर्वांत जास्त कुटले ते भाजलेले दाणे. "याच्यातल्या कुटाची चव मिक्सरला यायची नाही," असं म्हणून बाईंनी मला सुनेच्या, तनुजाच्या हवाली केलं. पुढे मिक्सरच आला आणि मी कोपऱ्यात सरकलो.

गेल्या शनिवारी मिक्सर दुरुस्तीला गेला नि मला बोलावणं आलं. सकाळी तनुजाने खिचडीसाठी दाणे कुटले. मी खूश होतो.

संध्याकाळी तिच्या मुलाचा, पुष्करचा वाढदिवस होता. त्याला केक पॉप हवे होते. ते करायला ओव्हन लागत नाही. बिस्किटांचा चुरा घट्ट गोड दुधात मळायचा, गोळे वळायचे, काडी खोचायची आणि चॉकलेटमध्ये बुडवायचे.

बाहेर पडताना तनुजा नवऱ्याला म्हणाली, "चेतन, बिस्किटांची पाकिटं मी तीनदा वाचलीत. दाण्याचा कणसुद्धा नको. मागच्या वेळी दाण्याच्या ॲलर्जीने पुष्करच्या मैत्रिणीला, तनयाला श्वास घेता येईना, आठवतंय ना?"

"अगं, मी दाण्यांना हातही लावत नाही. तू फुगे आण जा."

ती गेली. चेतनने मला कोरड्या फडक्याने पुसलं, आत डोकावून पाहिलं आणि बिस्किटं ओतली.

मी हादरलो. माझा तळ खडबडीत आहे. त्याच्या बारीक खळग्यांत सकाळचं कूट तसंच होतं. बत्ता पडला आणि ते वर आलं. मला तोंड एवढं मोठं, पण ओरडता येईना. मी नुसता खणखणत राहिलो. चेतन त्या तालावर गाणं गुणगुणत होता.

चोवीस केक पॉप कोबीच्या गड्ड्यात खोचून फ्रीजमध्ये गेले.

तनुजा फुगे घेऊन परतली आणि साडेपाचला मुलं आली. चेतनने पहिला केक पॉप तनयालाच दिला. "खास तुझ्यासाठी. बिनदाण्याचा."

आठ वर्षांच्या तनयाने तो तोंडाजवळ नेला आणि थांबली. "काका, बिस्किटं कशात कुटली?"

"खलबत्त्यात. स्वच्छ पुसून घेतला होता."

"त्याआधी त्यात काय कुटलं होतं?"

चेतनला सकाळची खिचडी आठवली आणि त्याने तनुजाला हाक मारली. तनुजा धावत आली. तिने माझ्या तळाशी बोट घासलं, वास घेतला आणि तनयाच्या हातातला केक पॉप काढून घेतला. तिचे हात साबणाने दोनदा धुतले. चेतन खाली फरशीवरच बसला. "तिने विचारलं नसतं तर..." एवढंच तो म्हणाला.

पुष्कर गड्ड्याकडे बघत होता. "बाबा, सगळे टाकायचे? कोबीसुद्धा?"

"कोबीसुद्धा."

आता माझ्यावर तनुजाच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'यात दाणे कुटले जातात. पुसल्याने जात नाहीत.'

मित्रांनो, मला खुशाल वापरा. पण तनयासारखं कुणी घरी येणार असेल, तर त्या दिवशी मला कपाटात ठेवा. मला वाईट वाटणार नाही. कुटाची चव माझ्यातून जात नाही, याचाच मला इतकी वर्षं अभिमान होता.