भिंतीवरचा पासवर्ड

यी-जनच्या रागाला दोन मजले होते. खालच्या मजल्यावर हे, की तिने खपून लिहिलेली स्क्रिप्ट टीममधल्या चुंग-यूदादाने स्वतःच्या नावाने ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. वरच्या मजल्यावर हे, की स्क्रिप्टबरोबर तिचा पासवर्डही गावभर गेला, कारण तिने तो सरळ स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवला होता. पहिला राग दादावर, दुसरा स्वतःवर, आणि दुसरा जास्त झोंबत होता.

तैवानच्या ताइचुंगमधल्या ‘पांढरा बगळा’ या चहाच्या दुकानांच्या साखळीत ती तात्पुरती लागली होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते गुरुवारच्या बैठकीत मालकीणबाई ठरवणार होत्या. दाखवण्यासारखं तिच्याकडे काम एकच, ही पायथन भाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी. ती सगळ्या शाखांच्या साठ्याच्या खात्यात शिरायची, कुठे किती चहा उरला, किती दूध उरलं, चहात घालायचे टॅपिओकाचे, साबुदाण्यासारखे शिजवलेले काळे मोती किती फेकले, सगळं गोळा करून तक्ता मांडायची. तेही दादाच्या नावावर गेलं तर हिच्याकडे उरलं काय?

“दादा, वर माझं नाव होतं,” ती म्हणाली.

“अगं, आपण एका टीममधले ना? नावाचं काय घेऊन बसलीस!” चुंग-यूने स्ट्रॉ चावत सांगितलं. “आणि पासवर्ड असा उघडा टाकतात का? नशीब समज, मी मालकीणबाईंना सांगितलं नाही.”

वर उपकार! यी-जन गोड हसली. ती अशी हसली की तिची आईसुद्धा घरातल्या काचेच्या वस्तू उचलून ठेवायची, पण चुंग-यूला हे कुठून ठाऊक असणार.

तिने आधी पासवर्ड बदलला. मग तो स्क्रिप्टमधून काढला आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला. म्हणजे पासवर्ड आपल्या संगणकाच्या कानात सांगायचा, आणि स्क्रिप्टला एवढंच लिहून द्यायचं की बाई, लागला की त्याला विचार. स्क्रिप्ट कोणी पळवली तरी गुपित घरीच राहतं. नवी स्क्रिप्ट तिने छान सजवली, तक्त्याला रंग दिले, आणि सगळ्यांच्या फोल्डरमध्ये दादाच्या नजरेसमोर आणून ठेवली. दादाने ती जेवणाच्या सुट्टीआधीच उचलली. वाचून बघायचे कष्ट काही घेतले नाहीत.

गुरुवारी शाखांचे व्यवस्थापक जमले. मालकीणबाई टेबलाच्या टोकाला बसल्या. चुंग-यू इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला.

“मी एक छोटीशी गोष्ट बनवली आहे,” तो नम्रपणे म्हणाला आणि बटण दाबलं.

प्रोजेक्टरवरून भिंतीवर लाल अक्षरांत उमटलं, पासवर्ड सापडत नाही.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तरी तो दाबतच राहिला, लिफ्ट यावी म्हणून दाबतात तसा.

“काल चालत होती!”

“कोणाच्या संगणकावर?” यी-जनने विचारलं.

मालकीणबाईंनी चष्मा वर सरकवला. “हा काय प्रकार आहे? मला कळेल असं सांग.”

“मालकीणबाई, तुम्ही शाखांना चहाची कृती देता. त्यात लिहिलेलं असतं, तीन नंबरची पुडी घाला. पुडीत काय आहे ते लिहिता का?”

“वेडी का काय मी?”

“तसंच. कृती दादांकडे आहे. पुडी माझ्याकडे आहे.”

व्यवस्थापकांत कोणीतरी खुसखुसलं. मालकीणबाईंनी चुंग-यूकडे एकदाच पाहिलं, आणि एवढं पाहणं त्याला पुरलं. “आण तुझा संगणक,” त्या यी-जनला म्हणाल्या.

तिने प्रोजेक्टरची तार जोडली, आज्ञा टाइप करायची टर्मिनलची नवी खिडकी उघडली, स्क्रिप्ट चालवली. भिंतीवर लाल अक्षरं आली, पासवर्ड सापडत नाही.

चूक तिच्या लगेच लक्षात आली. पासवर्ड तिने सांगितला होता तो त्या एका खिडकीपुरता, आणि बैठकीला येताना ती खिडकी शहाण्यासारखी बंद केली होती. नव्या खिडकीला बिचारीला काही माहीतच नव्हतं.

“काय गं, पुडी घरी राहिली वाटतं?” चुंग-यूला कंठ फुटला.

एवढ्या डोळ्यांसमोर, हाताशी आलेली नोकरी अशी निसटताना पाहून तिचं डोकं बंद पडलं आणि बोटं सुरू झाली. तिने पासवर्ड पुन्हा टाइप केला, अख्खा, सवयीने, आणि एंटर मारलं. स्क्रिप्ट धावली. रंगीत तक्ता भिंतभर पसरला.

टाळ्या पडायच्या आतच चुंग-यू ओरडला, “पण पासवर्ड भिंतीवर आहे! बघा, सगळ्यांना दिसतोय!”

आणि तो होताच. एक्स, एल, तीन, एक, शून्य, तीन, आणि पुढे लांबलचक गिचमिड.

“आत्ता लगेच बदलते,” यी-जन घाईने म्हणाली. “आणि तसाही त्याला काही अर्थ नाही.”

हे ती परदेशात म्हणाली असती तर खपून गेलं असतं. पण तैवानच्या कीबोर्डवर प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षराशेजारी चिनी उच्चारखूणही छापलेली असते. इंग्रजी चालू ठेवून त्या खुणांनी साधं चिनी वाक्य टाइप केलं, की वर उमटतं ते गिचमिड, आणि माणसाला वाटतं, काय भारी पासवर्ड झाला! मालकीणबाई मात्र संगणक आले तेव्हापासून शाखांना फर्मानं टाइप करत आल्या होत्या. त्यांची बोटं टेबलावर हळूहळू हलू लागली. एक्सचं बटण कुठे, तिथे कोणती खूण, मग एल, मग तीन. यी-जन त्या बोटांकडे बघत होती आणि तिला जमिनीत जावंसं वाटत होतं.

बोटं थांबली.

“मालकीणबाईंचे मोती फार कडक,” त्यांनी मोठ्याने वाचलं.

चुंग-यू सुखाने मागे रेलला.

“असं तुला वाटतं?” मालकीणबाईंनी यी-जनला विचारलं.

नाही म्हणावं, गंमत होती म्हणावं, असं तिला फार वाटलं. पण मोती खरोखरच कडक होते, आणि मागे भिंतीवर तिचाच तक्ता उभा होता.

“मला एकटीलाच नाही,” ती कशीबशी म्हणाली. “तो लाल रकाना बघा. चहा संपतो, दूध संपतं. मोती सगळ्या शाखा रोज फेकतात. गिऱ्हाइकं मोती नको म्हणून सांगतात, मालकीणबाई. तुम्ही ठरवलेल्या वेळेत ते शिजत नाहीत.”

“शिजतात की नाही रे?” मालकीणबाईंनी व्यवस्थापकांकडे पाहिलं.

व्यवस्थापकांना अचानक आपापल्या बुटांत रस वाटू लागला.

“खालच्या दुकानातून मोत्यांच्या चहाचा पेला मागवा.”

पेला आला. मालकीणबाईंनी जाड स्ट्रॉने चहा ओढला, आणि तोंडात आलेले मोती चावू लागल्या. सगळी खोली त्यांच्या जबड्याकडे बघत होती. यी-जनची नोकरी त्यांच्या दाढेखाली अडकली होती. त्यांनी मोती उजवीकडून डावीकडे नेले. पुन्हा उजवीकडे आणले. काहीतरी बोलायला बोट वर केलं, बोलता येईना, बोट खाली घेतलं. चावणं चालूच.

शेवटी त्यांनी पाणी मागितलं आणि मोती गिळले.

“चुंग-यू, सगळ्या शाखांना लिही. मोती आणखी दहा मिनिटं शिजवायचे.”

“हो, मालकीणबाई.” त्याने यी-जनचाच जोडलेला संगणक ओढून लगेच टाइप करायला घेतलं. “खाली तुमचं नाव घालू?”

“माझं कशाला? मी तर कडक शिजवायला सांगत होते. हिचं घाल, श्यू यी-जन. आणि पुढे तात्पुरती-बितात्पुरती काही लिहू नकोस.”

चुंग-यूने तिचं नाव टाइप केलं, अख्खं, भिंतीवर, सगळ्यांसमोर. यी-जनने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला तिला नीट दिसेना.