डोळे ऐकनात

१९८८ च्या हिवाळ्यात पिंगळीचा गवंडी मुंजाजी दारू सोडायला परभणीतल्या एका लहान दवाखान्यात भरती झाला. सोबत बायको कडूबाई. तिसऱ्या आठवड्यात हातांचं कापरं थांबलं, तेव्हा डॉक्टर दिनकररावांनी त्याला एका फळीसमोर बसवलं. फळीच्या दोन टोकांना दोन बारके दिवे होते.

"दिवा लागला की त्याच्याकडे बघायचं नाही. उलट्या बाजूला बघायचं."

"एवढंच?" मुंजाजी हसला.

डावा दिवा लागला. डोळे डावीकडंच गेले. वीस वेळा दिवा लागला, त्यात तो चौदा वेळा चुकला. "कळतंय सायेब, पर डोळे ऐकनात," कपाळ पुसत तो म्हणाला.

डॉक्टर वहीत काय लिहितात, असं कडूबाईनं विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "दोन वर्षं मी हे तपासतोय. ज्यांचे डोळे फार चुकतात, त्यातले बरेच तीन महिन्यांत परत प्यायला लागतात. पण माणसं थोडीच तपासलीत. खात्री नाही."

"ऐकलं? डॉक्टरच म्हणायलेत. चल घरी," मुंजाजी उठला.

कडूबाई बसूनच राहिली. "डोळा पळतो ते दिवा दिसल्यावरच ना?"

"हो."

"अन् दिसलाच न्हाई तर?"

हे डॉक्टरांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पिंगळीहून रोज कामाला जायच्या वाटेवर दारूचं दुकान होतं. म्हणून दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर दोघं चारठाण्याला, कडूबाईचा भाऊ सटवाजी याच्याकडं गेली. तिथं शाळेच्या भिंतीचं काम निघालं होतं. मुंजाजी विटा लावायचा, कडूबाई वाळू-सिमेंटचा माल कालवून द्यायची. जिंतूरच्या बाजारातही दारूचं दुकान होतं, म्हणून बाजाराला ती एकटीच जायची.

"मी काय लेकरू हाय का?" चौथ्या महिन्यात मुंजाजी भडकला. एकटाच जिंतूरच्या बाजाराला गेला आणि प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो परभणीला आला आणि दवाखान्याच्या पायरीवर मान खाली घालून बसला.

"किती दिवस न पिता राहिलास?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकशेदहा."

"आणि याआधी कधी सोडली होतीस, तेव्हा?"

"चार."

डॉक्टरांनी त्याला चहा पाजला, चार दिवस ठेवून घेतलं. फळीसमोर मात्र पुन्हा बसवलं नाही.

तीन वर्षांनी डॉक्टर चारठाण्याची जुनी देवळं बघायला आले, तेव्हा वाट विचारत कडूबाईच्या दारात पोचले. त्या दिवसानंतर मुंजाजीनं थेंबाला हात लावला नव्हता.

"माझ्या वहीनं तुमच्याबाबतीत चूक केली," ते म्हणाले.

"वही खरीच हाय," कडूबाई म्हणाली. "अजून बी बाजाराला मीच जाते."

मुंजाजी लाजून हसला. सिमेंटनं माखलेले हात धुऊन त्यानं अंगणात घोंगडी टाकली. "बसा सायेब. आमी आता जेवायलाच बसायलोत, भाकर खाऊनच जा."