बटाटा नावाचा पेशंट

दवाखान्याच्या चौकशी खिडकीपुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत कारकुनाच्या खुर्चीमागे पडदेबाबा उभे. डोळे मिटलेले, तळहात कॉम्प्युटरवर.

"बाळा, आई आलीय. असशील तर खूण दे!"

कारकुनाने म्हातारीच्या गेलेल्या मुलाची नोंद उघडली आणि प्रोग्रॅम बंद पडून पडदा काळा झाला. गर्दीने हात जोडले. म्हातारी आई गजाला धरून रडू लागली, "आलास रे राजा!"

मागे म्हातारीची मुलगी, ताई, उभी होती. गेलेला मुलगा तिचा धाकटा भाऊ. आणि हा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीत ताई टेस्टर होती. तो कुठे कोलमडतो ते शोधणं हेच तिचं काम.

बाबांचं गणित सोपं. पडदा काळा झाला, तर आत्मा आला. नाही झाला, तर आत्मा शांत झाला. छापा पडो की काटा, जिंकणार बाबाच! पण गेल्या खेपेला ते म्हणाले, "मुलगा सांगतोय, आई, हृदयाच्या गोळ्या सोड. मी सांभाळतो तुला." तेव्हापासून आईने गोळीला हात लावला नव्हता.

"अगं आई, पाय बघ किती सुजलेत!"

"तुझा भावावर विश्वास नाही का गं?"

ताईने गोळ्यांची डबी पुन्हा पिशवीत टाकली.

ताईने हा बिघाड ऑफिसात कळवला होता. इंजिनिअरने दोन धडधाकट नोंदी उघडल्या, 'आमच्याकडे होत नाही' असा शेरा मारला आणि तक्रार बंद केली. अशानेच तर बाबांचं फावतं! ताईची रीत वेगळी. न सुटलेल्या प्रत्येक बिघाडाची ती छोटीशी चाचणी करून ठेवी आणि तो सुटेपर्यंत रोज चालवून बघे. भावाच्या नोंदीची नक्कल करून ती एकेक गोष्ट काढत गेली. पत्ता काढला, तरी बंद. वय काढलं, तरी बंद. नाव नुसतं पुसवेना. तिथे तिने 'बटाटा' लिहिलं. तरीही बंद! उरला एक रिकामा रकाना, घरी सोडल्याची तारीख. भाऊ दवाखान्याच्या दारातच गेला होता. त्याला घरी कोण सोडणार? तारीख नाही, म्हणून दवाखान्यातले दिवस मोजताना प्रोग्रॅम कोलमडत होता. दाखल असलेल्यांच्या नोंदी वॉर्डात वेगळ्या उघडत, म्हणून हे कुणाला खटकलं नव्हतं. ताई टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत तिने कारकुनाला सांगितलं, "नवा पेशंट लिहा. नाव बटाटा. सोडल्याची तारीख नको."

"मस्करी करता का ताई?"

"लिहा तर!"

नोंद उघडली. पडदा काळा.

"बाबा, हा कुणाचा आत्मा?"

"भटका आत्मा आहे, बेटी."

"बरं. आता प्रोग्रॅम पुन्हा चालू करा आणि तारीख घाला."

नोंद सुरळीत उघडली. "तारखेला भ्याला का हो तुमचा भटका?"

लोक हसले. कारकुनाने मान खाली घातली. तारीख नसलेल्या नोंदी बाबांना तोच सांगत असे. बाबांनी काढता पाय घेतला.

आई मात्र जागची हलली नाही. "म्हणजे तो आलाच नव्हता?"

"नाही गं आई."

"एकदाही?"

खोटं बोलावं, असं ताईला फार वाटलं. "एकदाही नाही."

आई बाकावर बसली आणि मुलगा गेला त्या दिवशीही रडली नव्हती तशी रडली. ताईने गोळी पुढे केली. आईने ती बराच वेळ मुठीत धरली, मग गिळली. "आता तू तेवढी उरलीस गं मला," ती म्हणाली.

ताईने आईचा मुलगा दुसऱ्यांदा नेला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण लोकहो, दुःख खरं असलं म्हणून त्याच्या नावाने दाखवलेली खूण खरी ठरत नाही. हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हेच दुसऱ्या कुणाच्या नावाने घडतं का? तेवढं विचारलंत, तरी कुणाची तरी आई वाचेल.