लिंबाच्या कुंडीवरची रजई

रात्री दंव गोठणार असल्याची बातमी दुपारीच आली आणि सूनबाईंनी कंबर कसली. आधी कुंड्यांना पाणी, कारण ओली माती ऊब धरते. मग कडेने काठ्या आणि त्यांवर कापड, कारण गारठलेलं कापड पानाला टेकलं की पान तिथंच करपतं. कापडाच्या कडा जमिनीपर्यंत ओढून त्यांवर विटा. "मला ताप आला तर हिला पत्ता नसतो, पण पान गळलं की ही दचकून उठते," असं नवरा म्हणायचा, आणि त्यात फारशी थट्टा नव्हती.

चादरी संपल्या, जुने टॉवेल संपले, आणि लिंबाचं झाड उघडंच राहिलं. यंदा त्याला पहिल्यांदा फळ धरलं होतं. सूनबाई सासऱ्यांच्या खोलीत गेल्या.

"बाबा, आजच्या दिवस तुमची रजई घेऊ का? तुम्हाला हीटर आहेच."

"घे की," म्हणत सासऱ्यांनी स्वतःच घडी घालून दिली.

हीटर मात्र ते लावत नसत. त्याच्या घरघरीने आपली झोपमोड होते, असं सूनबाईच एकदा चिडून बोलल्या होत्या. त्या बोलून विसरल्या. सासरे विसरले नव्हते.

सकाळी नणंद आली, न कळवता. वडिलांचं इथं नीट चाललंय ना हे बघायला ती अशीच यायची, आणि नीट नसेल तर त्यांना घेऊन जायची तिची तयारी होती. तिच्या मागोमाग सूनबाई खोलीत शिरल्या. सासरे कोट, मफलर, कानटोपी घालून पलंगावर बसले होते, हात काखेत दाबून. पायांवर आंघोळीचा टॉवेल.

"बाबा, हे काय? रजई कुठंय तुमची?"

"मी चहा सांडला गं तिच्यावर. हिने लगेच धुतली. ती बघ, बाहेर वाळतेय."

नणंदेनं खिडकीतून पाहिलं. काठ्यांवर ताणलेली रजई खरंच वाळत घातल्यासारखी दिसत होती. तिने वहिनीचे दोन्ही हात धरले.

"एवढ्या थंडीत धुवायला बसलीस? माझ्याच्यानं नसतं झालं, वहिनी."

सूनबाईंची कानशिलं तापली. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि "चहा टाकते" एवढंच बाहेर पडलं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती.

चहा बाजूलाच राहिला. त्या थेट अंगणात गेल्या आणि रजई ओढून काढली. वरून ती कडक झाली होती. खाली लिंबाचं झाड टवटवीत, एक पान करपलं नव्हतं. एखादं तरी करपायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

सासरे मागोमाग बाहेर आले होते. हळूच म्हणाले, "तिला काही सांगू नकोस हं. लगेच सामान बांधायला लावेल. आता पुन्हा घर बदलणं नको वाटतं गं मला."

मग वाकून त्यांनी झाडाकडे निरखून पाहिलं. "वाचलं ना?"

"वाचलं," सूनबाई म्हणाल्या, पण सासऱ्यांच्या निळसर पडलेल्या ओठांकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.