पंचाहत्तर कोल्ह्यांचं घर

आमच्या घरात पंचाहत्तर कोल्हे आहेत, असं सगळं गाव म्हणतं. असते तर आणखी काय हवं होतं मला? एवढ्या जणांत एखादा तरी बोलका निघाला असता. संध्याकाळी चुलीपाशी मी आणि माझी काळी कोंबडी, एवढीच या घरातली वस्ती. कोंबडीही आता म्हातारी झालीय. ऐकून घेते, उत्तर देत नाही.

हा डाग माझ्या आजोबांच्या वेळचा. ते दुसऱ्या मुलखातून इकडे इझुमो प्रांतात आले, दलदल उपसून भातखाचरं केली आणि बघता बघता गावातल्या जुन्या घरांपेक्षा बरं खाऊ लागले. मग काय, लोकांच्या पोटात दुखायला लागलं. एवढी बरकत माणसाच्या हातून होत नाही, याचे पाळलेले कोल्हे शेजाऱ्यांचं धान्य ओढून आणतात, असं ठरलं. शेतं कधीच गेली, डाग तेवढा राहिला. माझं लग्न दोनदा ठरून मोडलं. आई गेली तेव्हा तिला उचलायला देवळातले भिक्षू आले, गावातलं काळं कुत्रं फिरकलं नाही. मी रस्त्याने निघाले की माणसं अंगठे मुठीत लपवतात. कोल्हा अंगठ्याच्या नखातून शिरतो म्हणे! मिठाचा दुकानदारसुद्धा पुडी उंबऱ्यावर ठेवतो आणि आत पळतो.

अशा घरात सायो यायची. गेनपाचीची धाकटी लेक, खाचरापलीकडच्या घरातली. तुतीचा पाला तोडताना गारा सुरू झाल्या म्हणून माझ्या मागल्या दारात शिरली, ती पुढे येतच राहिली. तुतीच्या झाडीतून वाकून यायची, कुणाला दिसायची नाही. मी कढत पाण्यातल्या कोषांवरून रेशमाचा धागा काढत असायचे. तिने ते माझ्याकडून शिकून घेतलं. पहिल्या दिवशी दोन्ही अंगठे भाजून घेतले आणि वर मलाच म्हणाली, मावशी, तुझे कोल्हे चावतात गं. मेली अशी होती! माझ्या चुलीवरचं खाऊ नको म्हणून मी तिला शंभरदा बजावलं. ती हसायची आणि मुळ्याचं लोणचं बोटांनी काढून खायची.

उगाच नव्हते बजावत. कोल्हा लागणं हा आजार झाला, तो उतरतो. पण कोल्हेवाल्यांच्या चुलीवरचं ज्याने खाल्लं तो त्यांच्यातलाच झाला, त्याच्या पोराबाळांनाही कुणी मुलगी देत नाही. आणि सायोचं तर डोंगरापलीकडे ठरलं होतं. मुलगा चांगला होता, दोघांनी एकमेकांना जत्रेत पाहिलं होतं, ती त्याच्याविषयी बोलताना लाजायची. आता यायचं नाही, मी म्हटलं. तरी यायची.

भातलावणीच्या दिवसांत तिला ताप भरला. तापात बडबडायला लागली. काळी कोंबडी चुलीपाशी झोपलीय, तिला हलवू नका. फडताळात तीन वाट्या आहेत, टवका उडालेली मला द्या. मला तोसेकडे जायचंय. तोसे म्हणजे मी. घरच्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या घरात कुणी पाऊल टाकत नाही, मग हिला आतल्या वाट्या कशा दिसल्या? बोलतेय ती सायो नव्हेच, तोसेचा कोल्हा बोलतोय! गेनपाचीने डोंगरातून मांत्रिक आणला. त्याने पोरीला कोठीच्या खोलीत बांधून ठेवलं आणि दार लावून चिडाच्या ओल्या पाल्याचा धूर दिला. मला माझ्या अंगणातून तो धूर दिसत होता. मी नुसती येरझाऱ्या घालत होते. तिकडे जाऊन सांगणार काय होते?

तेवढ्यात कुवायामा आले. हे मात्सुएच्या किल्ल्यातले तपास अधिकारी. मागल्या वर्षी दुसऱ्या एका गावात अशाच धुराने एक बाई गुदमरून मेली होती, म्हणून सरकारने त्यांना पाठवलं होतं. त्यांनी आधी धूर थांबवला, पोरीला पाहिलं, आणि मग थेट माझ्या दारात. अंगठेही लपवले नाहीत. चुलीपाशी मांडी घालून बसले, चहा घेतला. माझ्या घरी पाहुणा! ओतताना मी त्यांच्याकडेच बघत राहिले आणि अर्धा चहा राखेत गेला.

त्यांनी कोंबडी पाहिली, फडताळ पाहिलं, वाट्या पाहिल्या. माझ्या अंगठ्यांवरचे पांढरे डाग निरखले. मग शांतपणे म्हणाले, सायोच्याही अंगठ्यांवर हेच डाग आहेत, आणि गेनपाचीकडे रेशमाचं काम होत नाही. पोर इथे यायची. जे पाहिलं तेच तापात बोलली. कोल्हा नाही नि काही नाही.

माणूस हुशार होता, त्याच्यापुढे लपवून उपयोग नव्हता.

"उद्या गावासमोर एवढंच सांगा," ते म्हणाले. "ती यायची, बसायची, खायची. मी चव्हाट्यावर सरकारी फळी ठोकतो. या घरात कोल्हा नाही, जो आहे म्हणेल त्याला शिक्षा. तुमचं नाव कायमचं साफ होईल, बाई."

मी विचारलं, आणि पोरीचं? तिला काही होणार नाही, कायदा आहे, ते म्हणाले. मनापासून म्हणाले, खोटं कशाला बोलू. पण कायदा फळीवर असतो आणि सून घरात आणायची असते. डोंगरापलीकडच्या सासूला कायदा काय सांगणार, हिच्या हातचं खा म्हणून?

ते गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. लाज सोडून सांगते, मला ती फळी हवी होती. मिठाची पुडी हातात घ्यायची होती. सणाला विहिरीवर बायकांत उभं राहून कुणाच्या तरी सुनेची उखाळ्यापाखाळ्या काढायच्या होत्या. मेल्यावर चार ओळखीचे खांदे हवे होते. एका 'हो'ने एवढं सगळं मिळत होतं. आणि सायो बरी झाली की पुढे काय, तेही दिसत होतं. माझ्यासारखी एक चूल, आणि माझ्याकडे तरी कोंबडी आहे.

सकाळी गेनपाचीच्या अंगणात गाव जमलं. कोठीचं दार उघडं होतं, आत ती खोकत होती. धुराचा वास अजून तसाच होता. मांत्रिक पाल्याची नवी जुडी घेऊन कोपऱ्यात बसला होता. साहेबांची पाठ वळायचा अवकाश, तो पुन्हा पेटवणार होता. कुवायामांनी मला पुढे बोलावलं. मी आले तशी गर्दी मागे सरली आणि सगळ्यांच्या मुठी वळल्या.

त्यांनी मोठ्याने विचारलं, "ही मुलगी तुमच्या घरी येत होती का?"

"नाही," मी म्हणाले. "ती कशाला येईल? कोल्हा माझा आहे. मीच सोडला होता. आता परत नेते."

कुवायामांचा चेहरा पडला. ते जवळ आले आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, तुम्ही खोटं बोलताय. मी हो म्हटलं. त्यांनी एकदा कोठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाजूला सरले.

आता कोल्ह्याला हाक मारायची. पण कशी मारतात? आमच्या घरात कोल्हाच नव्हता, तर शिकवणार कोण! सगळे टक लावून बघताहेत आणि मला काही सुचेना. शेवटी मी कोठीच्या दाराशी बसले आणि कोंबडीला बोलावते तसंच बोलावलं.

"चल गं, घरी चल. फार वेळ झाला. वाटी काढून ठेवलीय तुझी."

आत खोकला थांबला. सायो म्हणाली, "आले."

लोकांच्या अंगावर काटा आला. मी उठले आणि मागे न बघता बांधावरून चालत निघाले, चल गं, चल गं, म्हणत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलं नाही, लोकांना हात हललेला दिसला असता. घरी आल्यावर दार उघडं धरलं, कोल्ह्याला आत शिरायला लागेल एवढा वेळ, आणि मग लावलं. मांत्रिक जुडी उचलून गेला. दोन दिवसांनी ताप उतरला. तापच तो, उतरणारच होता. पण गावाची खात्री पटली, आणि आता ती कुठल्याच फळीने हलणार नाही.

गेनपाचीने कोल्ह्यासाठी तांबड्या चवळीचा भात पाठवला. माझ्या कुंपणाबाहेर पातेलं ठेवून माणूस पळाला. गावातून या घरी आलेलं ते पहिलंच जेवण. मी सगळं खाल्लं. छान झाला होता भात.

शिशिर लागायच्या आत सायोची वरात निघाली. डोंगराकडची वाट माझ्या तुतीच्या कुंपणावरूनच जाते. मी दारात उभी राहिले. वरातीतल्या प्रत्येकाने अंगठे मुठीत घेतले, अगदी ढोलवाल्यानेसुद्धा टिपऱ्या काखेत मारून. सायो नवरीच्या पांढऱ्या वेषात मधोमध चालत होती. न जाणो, बघेल, हसेल, हात हलवेल. नको गं बाई, म्हणत होते मी मनात, आणि हलवलाच तर काय बहार येईल, असंही वाटत होतं.

तिने मान वर केली नाही. दोन्ही अंगठे मुठीत घेतले. भाजलेले, मी तेल चोळून बरे केलेले अंगठे. घट्ट धर, पोरी, मी म्हटलं, सुटू देऊ नकोस.

वरात वळणाआड गेली. मी आत आले. दार मात्र लगेच लावलं नाही. कुणीतरी आत शिरायला लागेल एवढा वेळ ते धरून उभी राहिले.